कडेवरची रायफल

"भरलेली घागर तू अशी नेतेस का?" असं म्हणत काका दोन्ही हात समोर ताणायचे आणि चेहरा कळवळल्यासारखा करायचे. मग कोपर अंगाशी घेऊन, कंबर एका बाजूला काढून म्हणायचे, "का अशी, कडेवर? झालं तर मग. बुलपप म्हणजे कडेवरची रायफल."

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पुढे कितीतरी नव्या सभासदांना सांगताना मी ऐकलं. घागर माहीत नसलेल्यांसाठी ते कडेवर बाळ घेतल्यासारखं करायचे. साठीला टेकलेला माणूस, फॅक्टरीचा बिल्ला खिशाला तसाच लटकलेला, कंबर बाजूला काढून उभा आहे आणि समोर एक इजिप्शियन डेंटिस्ट गंभीरपणे मान हलवतो आहे, हे दृश्य मी आमच्या काउंटरमागून पाहिलं आहे. हसू यायचं. पण समजायचंही सगळ्यांना.

शूटिंग क्लबच्या काउंटरवर मी नोकरीला लागले तेव्हा मला बंदुकीतलं काहीही कळत नव्हतं. आमच्या पुसदला बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या शिपायाच्या खांद्यावर, तीही लांबून. घरात मी पहिली पदवीधर. बी.कॉम. झाले, इंग्रजी कामापुरतं शिकले, लग्न होऊन दुबईला आले आणि दुबई जिथे संपून वाळू सुरू होते तिथल्या या क्लबात मला काम मिळालं. सभासदांना सरावाच्या वेळा देणं, स्पर्धांचे गुण मांडणं, फोन घेणं. माझ्या आडनावाची पट्टी वाचून काका पहिल्या शनिवारी मराठीतच बोलले. "विदर्भ का? बरं झालं. इथे मला सगळे सर म्हणतात. तू काका म्हण. मी तुला ग्रॅज्युएट म्हणेन."

"असं का काका?"

"अगं, आवाजात ऐकू येतं. नुकती पदवी घेतल्यासारखी बोलतेस. चांगलं आहे, जपून ठेव."

काका दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंगच्या फॅक्टरीत प्रॉडक्शन मॅनेजर होते. मूळचे पुण्याचे, राहायला अल बर्शाला, बरोबर काकू आणि इथेच वाढलेली मुलगी. आठवडाभर मशीन, माल, ऑर्डर, आणि शनिवारी सकाळी आमच्याकडे. बाकीचे सभासद येताना म्हणायचे, रिलॅक्स व्हायला आलो. काका काउंटरवर दोन्ही तळहात टेकून म्हणायचे, "दमलोय गं." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे नाहीत. बाहेर गरम होतंय म्हणावं तसं म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "मग घरी आराम करायचा ना काका." तर म्हणाले, "दमणं वेगळं, कंटाळणं वेगळं. कंटाळलो की घरी बसेन."

आता ही बुलपप म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गत माझ्यासारखीच असणार. नेहमीच्या रायफलीत गोळी सुटण्याची यंत्रणा चापाच्या पुढे असते. बुलपपमध्ये ती चापाच्या मागे, खांद्याला टेकतो त्या दस्त्यातच बसवलेली असते. त्यामुळे नळीची लांबी तीच राहते, पण रायफल आखूड होते आणि वजन अंगाजवळ येतं. काकांचा डावा खांदा फॅक्टरीतल्या एका अपघातापासून वर उचलत नसे. लांब रायफल समोर धरली की हात थरथरायचा. ही आखूड रायफल आली आणि पन्नाशीनंतर ते पुन्हा नेम धरू लागले, कॉलेजात एनसीसीत धरत तसा.

पण तिच्या खोडी काकांइतक्या कुणालाच माहीत नव्हत्या. तिची दुर्बीण उंच बसते, म्हणून गाल दस्त्याला टेकतच नाही, अधांतरी राहतो. वजन सगळं मागे, म्हणून नळीचं टोक हलकं पडून भिरभिरतं. चाप एकीकडे आणि यंत्रणा दुसरीकडे, मध्ये लांब दांडी, म्हणून चाप ओढताना चिखलातून पाय काढल्यासारखं वाटतं. शेवटच्या खोडीला काकांकडे इलाज नव्हता. ती त्यांनी बोटाला सवय लावून सोसली. बाकीच्या खोडींसाठी त्यांची एक पिशवी होती.

त्या पिशवीत गालाची गादी असायची. फॅक्टरीतल्या फोमचे थर तासून, वर काकूंनी जुन्या जीन्सचा अभ्रा शिवलेला. खांद्यासाठी हवाई चपलेच्या तळव्यातून कापलेला एक रबराचा तुकडा. नळीखालच्या पट्टीला अडकवायचं एक पितळी वजन, फॅक्टरीच्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत काढलेलं. हे सगळं दर शनिवारी रायफलीला लावायचं आणि निघताना सगळं काढायचं. कारण रायफल क्लबची. आमच्याकडे सभासदाने ती घरी न्यायची नसते, आणि शस्त्रागार सांभाळणारे बशीरभाई, कोझिकोडचे, यांचा एकच नियम होता.

"साब, जैसा लिया, वैसा देना."

"अरे बशीरभाई, गादी तो रहने दो. अगले हफ्ते फिर लगाना है."

"आपका गाल अलग, दूसरे का गाल अलग. निकालो, निकालो. यल्ला, जल्दी."

मग काका पुन्हा बसून एकेक स्क्रू सोडवायचे. लावायला अर्धा तास, काढायला जवळजवळ तेवढाच, आणि मध्ये नेमबाजी. एकदा काकू बरोबर आल्या होत्या. त्या माझ्याशेजारी बसून बघत होत्या. "घरी कपाटात माझ्या साड्यांना जागा नाही," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांच्या फोमच्या तुकड्यांना अख्खा कप्पा. मुलगी काय म्हणते माहितीये? 'बाबा, इट्स नॉट ईव्हन युवर गन!'"

"मग काका काय म्हणतात?"

"काय म्हणणार? म्हणतात, फ्लॅट तरी कुठे आपला आहे. पडदे लावलेस ना तू?"

काकांची एकच इच्छा होती आणि ती सगळ्या क्लबला ठाऊक होती. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी आमची वार्षिक स्पर्धा होते. त्यात उभ्याने मारायची एक फेरी असते. जवळून लांब अशा पोलादी चकत्या उभ्या केलेल्या असतात, गोळी लागली की चकती टण्‌ करून आडवी पडते. शेवटची चकती चहाच्या बशीएवढी आणि सगळ्यांत लांब. काकांना ती फेरी एकदा पूर्ण करायची होती. बक्षीस नको होतं, नंबर नको होता. सगळ्या चकत्या एका फेरीत आडव्या, बस. दर वर्षी एखादी उभी राहायची, आणि ती बहुतेक वेळा ती बशीच असायची. काका परत येऊन काउंटरवर हात टेकायचे. "बशी तेवढी शिल्लक राहिली. असू दे. पुढच्या वर्षी."

मग एका वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणायची सोय संपली. फॅक्टरीने कळवलं की साठीनंतर करार वाढणार नाही. म्हणजे व्हिसा संपणार, फ्लॅट सोडायचा, पुण्याला जायचं. मुलगी नोकरीमुळे इथे राहणार होती. तिकडे ही रायफल मिळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मार्चची स्पर्धा ही शेवटची.

आणि त्याच सुमाराला उजवा डोळा गेला. म्हणजे आंधळा झाला नाही. कडेचं दिसायचं, नेमकं मधलं पुसल्यासारखं व्हायचं. मला त्यांनी समजावून सांगितलं, "तुझ्याकडे बघतो ना, तर तुझे कान दिसतात, खुर्ची दिसते, कॅलेंडर दिसतं. तू कुठे गेलीस ते मात्र कळत नाही." आणि हसले. मला हसता आलं नाही.

काकांनी ठरवलं, डाव्या डोळ्याने मारायचं. दुसऱ्या रायफलीत हे जमून जातं. बुलपपमध्ये पंचाईत आहे. गोळी सुटल्यावर रिकामी पुंगळी दस्त्यातूनच, उजव्या बाजूने बाहेर उडते. रायफल डाव्या खांद्याला घेतली की तिथे तुमचाच गाल असतो, आणि पुंगळी चांगलीच तापलेली असते. पण त्या रायफलीत एक सोय होती. आतला बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा आणि पुंगळी बाहेर खेचणारा भाग, बदलून दुसरा डावखुरा बोल्ट घातला आणि बाजूचं झाकण इकडचं तिकडे लावलं, की पुंगळी डावीकडून बाहेर पडते. बशीरभाईंनी कुरकुरत तो दुसरा बोल्ट कपाटातून काढून दिला. क्लबच्या मॅनेजरनी, ते जॉर्डनचे निवृत्त फौजी, परवानगी दिली. अट तीच. जशी घेतली तशी परत.

इतक्या वर्षांच्या गाद्या उजव्या गालाच्या मापाच्या होत्या. काकांनी नव्या कापल्या. पाय कुठला पुढे, श्वास कधी सोडायचा, सगळं उलट शिकायचं. दुखरा खांदा आता रायफलीखाली आला होता. "साठाव्या वर्षी डाव्या हाताने जेवायला बसवलंय मला," ते म्हणायचे. तरी हिवाळा येईपर्यंत जमायला लागलं. एका शनिवारी सरावात सगळ्या चकत्या पडल्या, बशीसकट. काका धावत नाहीत, पण त्या दिवशी काउंटरपर्यंत जवळजवळ धावतच आले. "ग्रॅज्युएट, लिहून घे!" सरावाचे गुण मी कुठेच लिहीत नसे. त्या दिवशी टेबलावरच्या कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिले. पुढच्या महिन्यात आणखी एकदा तसंच झालं. मग मात्र मी मनातल्या मनात मार्चची वाट बघू लागले.

चूक झाली ती फेब्रुवारीत. फॅक्टरीत ऑडिट चालू होतं आणि काका रात्रपाळी संपवून थेट क्लबला आले होते. सराव केला, मग बाकावर बसून नेहमीसारखं सगळं काढलं. गादी काढली, रबर काढलं, पितळी वजन काढलं. पिशवीत भरलं. रायफल बशीरभाईंच्या हातात दिली. बशीरभाईंनी ती हातात फिरवून पाहिली. खिडकीसमोर सभासदांची रांग होती. गाल मोकळा, खांदा मोकळा, नळी मोकळी. वर्षानुवर्षं काकांच्या रायफलीत ते जे बघत आले तेच त्यांनी बघितलं. बोल्ट आणि झाकण डावीकडचंच राहिलं होतं.

ती रायफल पुढे त्या डेंटिस्टना मिळाली, आणि ते ती उजव्या खांद्याला धरत. पहिल्याच गोळीला पुंगळी त्यांच्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली बसली. संरक्षक चष्मा होता म्हणून डोळा वाचला. त्यांची ओरड काचेपलीकडून मला ऐकू आली. गालावर लाल चट्टा उठला होता, आणि ते अरबीत जे बोलत होते ते मला कळलं नाही तरी समजलं.

मॅनेजर आले. रायफल बघताच त्यांना कळलं. त्यांनी बशीरभाईंकडे पाहिलं. "आर्मरी कुणाची?"

"माझी, सर."

"चेक कुणी केलं?"

"मी, सर."

"चावी टेबलावर ठेव."

बशीरभाईंनी खिशात हात घातला. बावीस-तेवीस वर्षांचे त्यांचे दोन मुलगे कोझिकोडला शिकत होते, ते मला माहीत होतं. क्लबातल्या सगळ्यांना माहीत होतं. मी मागच्या खोलीत जाऊन काकांना फोन लावला. ते घराच्या वाटेवर होते. मी काय झालं ते सांगितलं. पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकू लागला. मग म्हणाले, "आलो. मॅनेजरना म्हणावं थांबा."

ते आले तेव्हा बशीरभाई बाहेर व्हरांड्यात उभे होते. काका सरळ मॅनेजरच्या खोलीत गेले, दार उघडंच होतं. इंग्रजीतच बोलले. बोल्ट मी बदलला होता, परत मी बदलायला हवा होता. बशीरभाईंनी गादी निघाली का ते बघितलं, गादी मी काढली होती. जे मी विसरलो ते त्यांना दिसलं नाही, एवढंच त्यांचं चुकलं.

मॅनेजरनी खुर्ची पुढे ओढली. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "यू वेअर टायर्ड?"

मला वाटलं, आता तरी म्हणतील. दर शनिवारी दारातून आत आल्याबरोबर म्हणतात ना! रात्रपाळी, ऑडिट, वय, डोळा, सांगण्यासारखं कितीतरी होतं.

"नो सर," काका म्हणाले. "आय फरगॉट."

बशीरभाईंना ताकीद मिळाली आणि चावी परत मिळाली. रायफलीची बाजू बदलणं सगळ्यांनाच बंद झालं. गाद्या, वजनं, बाहेरून लावायचं सगळंही बंद. डावखुरा बोल्ट मॅनेजरच्या तिजोरीत गेला. काकांना स्पर्धेत उतरायचं असेल तर रायफल जशी आहे तशी, उजव्या खांद्याला. "खलास," मॅनेजर म्हणाले.

डेंटिस्ट पुढच्या आठवड्यात गालाला पट्टी लावून आले. काका त्यांच्यासमोर उभे राहून माफी मागू लागले तर त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "हबीबी, गाल गेला तर चालेल. दात गेला असता तर मला फुकट उपचार करावे लागले असते." आणि मग तेच मॅनेजरकडे गेले, यांना या एका स्पर्धेपुरती बाजू बदलू द्या म्हणून. मॅनेजरनी चहा पाजला आणि नाही म्हटलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, गालाच्या जागी डोळा असता तर?

मी काकांना म्हटलं, "काका, लांब रायफल घ्या ना. डाव्या खांद्याला."

"घागर पुन्हा समोर गेली की तिचा भार या दुखऱ्या खांद्याला पेलेल का गं?" ते म्हणाले. पण या वेळी कंबर बाजूला काढून दाखवली नाही.

मला वाटलं होतं, स्पर्धेला ते येणारच नाहीत. ते आले. मुलगी गाडी चालवत घेऊन आली होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच क्लबात आली. माझ्याशी बोलताना आधी इंग्रजी, मग मी मराठीतच बोलते हे बघून अडखळत मराठी. "बाबांनी सांगितलं, तू सगळं एक्स्प्लेन करशील."

आम्ही दोघी काचेमागे उभ्या राहिलो. काकांची पाळी आली. उघडा दस्ता, गाल अधांतरी, नळीचं टोक हलकं, उजवा डोळा. मी तिला सांगितलं, "त्यांना चकतीच्या आजूबाजूचं दिसतंय, चकती दिसत नाहीये."

"देन हाऊ विल ही...?"

टण्‌. पहिली पडली. मग दुसरी. ते नेम धरून डोकं अगदी किंचित फिरवत होते, कडेच्या नजरेत चकती पकडत होते. कधी शिकले कोण जाणे. घरी भिंतीवर ठिपका काढून केलं असेल. तिसरीला वेळ लागला, पण पडली. बशीरभाई शस्त्रागाराच्या दारात येऊन उभे होते. डेंटिस्ट टाळ्या वाजवायला हात उचलून तसेच थांबले होते. एकेक करत सगळ्या पडत गेल्या, आवाज लांब लांब जात राहिला, आणि शेवटी ती बशी उभी राहिली.

वेळ शिल्लक होता. गोळ्याही शिल्लक होत्या. दोन तरी. काकांनी नेम धरला. नळी हलली, स्थिर झाली, पुन्हा हलली. डोकं थोडं इकडे, थोडं तिकडे. मग त्यांनी बोट चापावरून काढलं. रायफल खाली घेतली, मॅगझिन काढलं, नळीतली गोळी बाहेर काढली आणि रिकामी रायफल रेंज ऑफिसरला दाखवली. नियमात आहे तसं, नीट, घाई न करता.

"व्हाय डिड ही स्टॉप?" मुलगी म्हणाली. "ही हॅड टाइम. ही हॅड बुलेट्स!"

"दिसत नव्हतं त्यांना."

"सो? मारून बघायचं ना. एनीवे लास्ट होती."

न दिसणाऱ्या गोष्टीवर काकांनी आयुष्यात कधी गोळी झाडली नसती. शेवटची म्हणूनही नाही.

मी गुण मांडले. बशीच्या रकान्यात 'उभी' असं लिहायचं असतं, ते लिहिलं. काका काउंटरवर आले. त्यांनी रकाना वाचला, आणि खाली सही केली. मग बशीरभाईंकडे गेले. रायफल जशी घेतली होती तशीच होती, काढायला काहीच नव्हतं. तरी बशीरभाईंनी ती या वेळी खूप वेळ पाहिली. झाकण, बोल्ट, सगळं. काका शांतपणे उभे राहिले. "ठीक है साब," बशीरभाई म्हणाले, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

एप्रिलमध्ये काका-काकू पुण्याला गेले. विमानतळावर जायचं मी ठरवलं होतं, पण शनिवार होता आणि क्लब उघडा होता. फोन होतो अधूनमधून. काकू बोलतात, काका मागून काहीतरी विचारतात.

मला मात्र दिसते ती स्पर्धेची दुपार. माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं. बापलेक गाडीत बसले होते, इंजिन चालू होतं, पण गाडी निघत नव्हती. मुलीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दोघंही समोरच्या काचेतून वाळूकडे बघत होते. कुणीतरी मला हाक मारली, मी दोन सभासदांच्या वेळा बदलून दिल्या, आणि पुन्हा खिडकीशी आले तेव्हा गाडी गेली होती. ती उभी होती त्या जागी एसीच्या पाण्याचा एक ओला डाग होता. ऊन कडक होतं. मी बघता बघता तो कडेने आत आत आटत गेला.